मामांचा लिंब आणि चौदा स्टुलं

आमच्या घरात सध्या माणसं तीन आहेत आणि स्टुलं चौदा. नवा पाहुणा आला की तो आधी स्टुलांकडे बघतो, मग आमच्याकडे बघतो आणि विचारतो, "शिकवण्या घेता का?" आम्ही शिकवण्या घेत नाही. आम्ही फक्त एक पलंग करायला घेतला होता.

पलंगाचं मूळ मंगळवेढ्याला, माझ्या सासऱ्यांच्या शेतात आहे. सासऱ्यांना मी मामा म्हणतो (आणि जरा सांभाळूनच म्हणतो). मामांच्या बांधावर एक जुना कडुलिंब होता. ज्वारी राखायला जातो असं घरी सांगून मामांनी आयुष्यातल्या बहुतेक दुपारी त्या लिंबाखाली झोपून काढल्या होत्या. एका वळवाच्या वाऱ्यात तो आडवा झाला. मामांना घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. पुढे लाकूड वाळलं, आणि माझ्या मेव्हण्याने आपल्या नव्या घराच्या चौकटींसाठी त्यावर डोळा ठेवला. पण एक दिवस मामांनी माझ्या बायकोला, सुनंदाला, फोन केला.

"पोरी, माज्या डोळ्याचं आपरेशन सोलापुरात करायचं ठरलंय. चार दिस तुज्याकडं ऱ्हाणार. लिंबाचं लाकूड तुला धाडतो, त्याचा पलंग करून घे. माज्या लिंबावरच झोपणार मी. पर एक ढलपी वाया गेली न्हाय पायजे!"

सुनंदा फोन ठेवून रडायलाच लागली. "बाबांनी दादाला सोडून पहिल्यांदा मला काहीतरी दिलंय हो," ती म्हणाली. "ह्यातलं काही वाया गेलं, कुणी पळवलं, तर दादा जन्मभर बोलून दाखवेल. आणि बाबांना वाटेल, पोरीला दिलं ते पाण्यात गेलं."

"काळजी करू नकोस," मी म्हणालो. "मी आहे ना!"

हे ऐकून तिचा चेहरा आणखीच उतरला.

मामांनी मलाही वेगळा फोन केला. "जावईबापू, लाकडावर ध्यान ठिवा. शहरातली मानसं कवा काय लांबवतील, सांगता येत न्हाय." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "तुमीबी शहरातलेच."

मी ते मनावर घेतलं नाही. कारण लक्ष ठेवणं हाच माझा धंदा होता. मी एका बँकेत चेक पास करण्याच्या टेबलावरून निवृत्त झालोय. संशयाशिवाय एक कागद माझ्या हातातून पुढे गेला नाही. एकदा तर मी सुनंदाचाच चेक परत पाठवला होता, सही जुळत नाही म्हणून. (सही जुळत होती. पण मला वाटलं, इतकी कशी जुळते?)

तर लाकूड आलं. वखारीत त्याच्या फळ्या कापून घेतल्या, आणि नवी पेठेमागच्या आमच्या गल्लीत, आमच्याच अंगणात, शिवाप्पा मिस्तरींनी रंधा-करवत मांडली. शिवाप्पा अक्कलकोटकडचे. बोलतात मराठीत, वैतागतात कानडीत. त्यांनी एकेक फळी उलटसुलट करून बघितली आणि खूश झाले.

"साहेब, लाकूड लई झ्याक हाय. पलंग होऊन उरतंय की!"

मी कान टवकारले. "उरतंय? किती उरतंय?"

"उरंल की बरंच."

"आणि उरलेल्याचं तुम्ही काय करता?"

"आमी काय करणार? उरलेलं उरतंय."

किती मोघम उत्तर! मी चष्मा पुसून त्यांच्याकडे पुन्हा बघितलं. माणूस शांतपणे तंबाखू मळत होता. चोरी करायची नसेल तर माणूस इतका शांत कसा राहील?

पुढचं वाक्य तर कहर होतं. "ही लांब फळी तेवढी बाजूला ठिवा, साहेब. शेवटाला लागंल."

"कशाला लागेल?"

"एखांद्या फळीत गाठ निघती, तडा जातो. तवा हाताशी असावी."

सगळ्यांत लांब, सगळ्यांत सरळ फळी, आणि हा माणूस म्हणतो बाजूला ठेवा! मला सगळा डाव स्वच्छ दिसला. फळी आज भिंतीला टेकणार, उद्या फाटकाशी जाणार आणि पलंग झाला की अक्कलकोटच्या गाडीत बसणार. मी वरवर "बरं" म्हटलं आणि आत जाऊन विचार करायला लागलो.

विचार करताना मोबाईलवर मला एक परदेशी गृहस्थ सापडले. ते उरलेल्या लाकडापासून वस्तू बनवत होते. तुकडा उरला की वस्तू, तुकडा उरला की वस्तू! जमिनीवर एक कण नाही. मी उडालोच. उरलेलं लाकूड चोरीला जाऊ शकतं, पण स्टूल झाल्यावर ते पिशवीतून कसं नेणार? दुसऱ्या दिवशी सकाळी मी फर्मान काढलं, की जो तुकडा उरेल त्याची त्याच दिवशी वस्तू झाली पाहिजे.

"आधी पलंग होऊंदे की," शिवाप्पा म्हणाले.

"पलंग होईलच. आधी उरलेलं!"

"अजून उरलंच न्हाय, साहेब."

"ती लांब फळी आहे ना!"

शिवाप्पांनी माझ्याकडे, मग फळीकडे, मग आभाळाकडे बघितलं. "ती शेवटाला लागंल म्हनलं की मी."

"म्हणूनच," मी म्हणालो. (बँकेत मी असं "म्हणूनच" म्हटलं की समोरचा गार पडायचा.)

लांब फळीची स्टुलं झाली. मग दुसऱ्या तुकड्यांची झाली. मग मोबाईल ठेवायचा स्टँड झाला, उदबत्तीचं घर झालं, न्हाणीघरात साबणाला फळी झाली, त्या फळीपर्यंत हात पोचायला अजून एक स्टूल झालं. देवघरात स्टूल, गच्चीवर स्टूल, जिन्यात स्टूल. सुनंदा फ्रिज उघडायला गेली की आधी तीन स्टुलं सरकवायची. पलंगाचे मात्र अजून चार खूर आणि चौकटच उभी होती.

भुसाही मी सोडला नाही. तो मी पोत्यात भरला. लिंबाच्या भुशाच्या धुराने डास जातात असं ऐकून एका संध्याकाळी घमेल्यात थोडा पेटवला. डास गेले की नाही कळलं नाही, पण शेजारचे इंगळेसर घरातून बाहेर गेले आणि दोन तास आत यायला तयार नव्हते.

ज्या तुकड्यांचं काहीच होण्यासारखं नव्हतं, वीतभर, बोटभर, त्या प्रत्येकावर मी जाड मार्करने सही केली. पूर्ण सही, खाली दोन रेघा. आता कुणाची हिंमत होती हात लावायची! आणि रोज संध्याकाळी शिवाप्पा निघाले की मी फाटकात उभा.

"शिवाप्पा, जरा पिशवी."

"बघा."

"डबा?"

डब्यात अर्धी भाकरी आणि शेंगाचटणी होती. मी चटणीत चमचा फिरवून बघितला. (चटणी उत्तम होती. दुसऱ्यांदा चमचा फिरवला तो संशयाने नव्हे.)

एवढा बंदोबस्त असूनही तुकडे कमी व्हायला लागले! अंगणातला ढीग रोज सकाळी थोडा खचलेला. मी सुनंदाला विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला भास होतात." मी शिवाप्पांची टोपी तपासली. टोपीत शिवाप्पांचं डोकं होतं, बाकी काही नाही.

आणि मग एका सकाळी मी दूध आणायला निघालो, तर गल्लीच्या तोंडाशी राजूच्या चहाच्या गाडीपाशी माझी सही! गाडीच्या मागच्या चाकाखाली, ठसठशीत, खाली दोन रेघा.

"हा तुकडा कुठून आला?" मी ओरडलो आणि ओरडता ओरडता तो उपसून काढला.

आमच्या गल्लीला उतार आहे हे मला माहीत होतं. राजूलाही माहीत होतं, म्हणून तर तो तुकडा तिथे होता. गाडी निघाली. वर स्टोव्ह, स्टोव्हवर पातेलं, पातेल्यात उकळता चहा, मागे राजू, राजूच्या मागे मी, माझ्या मागे हातात रिकामा कप घेतलेलं एक गिऱ्हाईक!

"अवो सायेब, तुमचीच सही हाय की त्याच्यावर!" राजू पळता पळता ओरडत होता. "मला वाटलं तुमीच पास केलंय!"

गाडी इंगळेसरांच्या फाटकाला धडकून थांबली. पातेलं तेवढं कलंडलं. धडक ऐकून इंगळेसर बाहेर आले, आणि त्यांच्या मागे व्हरांड्यात मला त्यांचा कूलर दिसला. कूलरच्या चारी पायांखाली चार तुकडे, चारांवर माझ्या सह्या!

"हे तुमच्याकडे कसे?"

"फाटकावर ठेवलेले होते हो," इंगळेसर म्हणाले. "कूलर फार हलायचा. कुणीतरी भला माणूस असावा. परवाचा धूर करणारा नक्कीच नसावा."

पुरावा हातात आल्यावर मी थांबणारा नव्हतो. राजूचा तुकडा घेऊन मी तडक अंगणात आलो. "शिवाप्पा, हे काय आहे?"

"लाकूड."

"हे गल्लीत कसं गेलं?"

शिवाप्पांनी रंधा खाली ठेवला. आवाज चढवला नाही, तेच मला जास्त लागलं. "साहेब, माजी पिशवी बघितली, डबा बघितला, परवा टोपीबी काढायला लावली. इतकी वर्सं काम करतोय, कुणी असं केलं न्हाय." मग त्यांनी हत्यारं पोत्यात भरली. "यप्पा! होगली बिडी," म्हणजे जाऊ दे, असं काहीतरी कानडीत स्वतःशीच पुटपुटत ते निघून गेले.

अंगणात पलंगाची चौकट राहिली, फळ्यांशिवाय. मामांचं ऑपरेशन दोन दिवसांवर आलं होतं.

मी वळलो, तर दारात सुनंदा. हातात बाजाराची पिशवी, पिशवीच्या तोंडाशी कोथिंबीर. आमच्याकडे बाजाराला जाताना कोथिंबीर न्यायची पद्धत नाही, तिकडून आणायची आहे. मी बघतोय हे बघून तिने कोथिंबीर बाजूला केली. खाली दोन तुकडे होते, सहीसकट.

"मीच देत होते," ती म्हणाली. "मिस्तरींना कशाला बोललात?"

"तू? अगं, पण का?"

"कारण ते घरात राहिले असते तर तुम्ही त्यांचंही स्टूल केलं असतं!" तिचा आवाज चिरकला. "बारावं स्टूल झालं त्या दिवशी ठरवलं मी. इंगळेसरांचा कूलर डुलत होता, राजूची गाडी उतारावरून सुटत होती, तिथं कामी तरी आलं बाबांचं लाकूड. इथं काय होतंय त्याचं? स्टुलावर चढून स्टूल काढायचं! आता मिस्तरी गेले, बाबा येणार. झोपवा त्यांना चौदा स्टुलांवर!"

मला फार वाईट वाटलं. तिच्या वडिलांनी तिला पहिल्यांदा काही दिलं होतं आणि मी त्याचं हे करून ठेवलं होतं. चप्पल घालून मी तसाच शिवाप्पांच्या घरी गेलो.

"शिवाप्पा, चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"पिशवी."

"अन् डबा?"

"डबाही चुकला."

"अन् टोपी?"

"टोपी तर फारच चुकली. पण सुनंदाचे वडील येतायत. त्यांच्यासाठी तरी चला."

ते आले. माझ्यासाठी नाही, सुनंदासाठी, असं दारातच सांगून आले. दिवसभर खटाखट काम केलं. पलंगावर आडव्या फळ्या बसत गेल्या, आणि अगदी काठाची शेवटची फळी ठोकताना तिच्यातली गाठ निघाली. फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली.

"आणा ती लांब फळी," शिवाप्पा म्हणाले.

मी चष्मा पुसायला लागलो.

"कुटं हाय?"

मी बोट दाखवलं. "थोडी तिथे आहे, थोडी जिन्यात, आणि बाकीची गच्चीवर."

शिवाप्पा त्यातल्याच एका स्टुलावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. स्टुलं फोडून लांब फळी होत नाही, हे मलाही कळत होतं. शेवटी मी वखारीत जाऊन कडुलिंबाचीच एक नवी कोरी फळी विकत आणली. शिवाप्पांनी ती काठाला बसवून सगळ्या पलंगाला तेल पाजलं. शेजारी शेजारी ठेवल्यावर फरक कळेना.

"बाबांना हे सांगायचं नाही," सुनंदा म्हणाली. "त्यांना वाटू दे सगळा त्यांचाच लिंब आहे."

"एका फळीने काय होतंय?" मी म्हणालो.

मामा ऑपरेशन करून आले ते काळा चष्मा लावून. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलं होतं, तरी पलंगाशी जाऊन ते वाकलेच. एकेका फळीवर बोटाचं पेर वाजवायचे, नाक टेकवून वास घ्यायचे आणि "हूं" म्हणायचे. तो "हूं" मला ओळखीचा होता. बँकेत मी तसाच करायचो.

पहिली फळी, हूं. दुसरी, हूं. काठाच्या फळीशी आले, नाक टेकवलं आणि चेहरा उजळला.

"हा! हा माजा लिंब! बग पोरी, कसा कडू वास येतोय!"

नुकतीच कापलेली फळी, वास येणार नाही तर काय! पण मी सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता सोडूनही झाला नव्हता, तेवढ्यात मामा माझ्याकडे वळले.

"अन् ह्या बाकीच्या फळ्या कुटनं आणल्या?"

"मामा, त्याही तुमच्याच!"

"माज्या? ह्यांना वास कुटं हाय? हे लाकूड आमच्याकडचं न्हाय." काळ्या चष्म्यामुळे ते नक्की कुठे बघतायत ते कळत नव्हतं, पण बहुतेक माझ्या खिशाकडे. "जावईबापू, माजा लिंब कुटं गेला?"

मी धावत जाऊन दोन स्टुलं आणली. राजूचा तुकडा आणला. "हे बघा, सगळं जपून ठेवलंय! प्रत्येक तुकड्यावर माझी सही आहे!"

मामांनी तुकडा फिरवून बघितला. "सही तुमची हाय, व्हय. म्हंजी लाकूडबी तुमचंच की."

मी सुनंदाकडे आशेने बघितलं. तिने नुसतं "बाबा, अहो..." एवढंच म्हटलं, तर मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू नको बोलूस. तुजा नवरा हाय, तू काय बोलणार? सगळा लिंब गेला, पर तू एक फळी वाचवलीस पोरी. तुज्या दादाला हेबी जमलं नसतं!"

आयुष्यभर ज्या शब्दांची तिने वाट बघितली होती ते हे असे आले. सुनंदाने माझ्याकडे बघितलं. फार प्रेमाने बघितलं. मग पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "व्हय, बाबा."

चाळीस वर्षं लोकांवर संशय घेतला, पण ज्या बाईवर घ्यायला हवा होता तिचा एकच चेक परत केला होता. तिचा आनंद बघून दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी मात्र राहवेना. मामा पलंगावर पडले होते, मी जवळ गेलो आणि खरं सांगून टाकलं.

"मामा, सगळा पलंग तुमच्याच लिंबाचा आहे. फक्त ही काठाची फळी तेवढी विकतची आहे. ती तुमची नव्हे."

मामा ताडकन उठून बसले. "सुनंदे!" त्यांनी हाक मारली. "हिकडं ये आदी! ऱ्हायलेली फळीबी न्यायला आलाय ह्यो!"

चार दिवसांसाठी आलेले मामा अजून गेलेले नाहीत. फळी कुणाच्या भरवशावर सोडून जायचं, असं ते मंगळवेढ्याला फोनवर सांगतात. दुपारी झोपतानाही एक हात त्या फळीवर घट्ट ठेवून झोपतात. आणि मला पलंगाजवळून पलीकडे जायचं असेल, तर सुनंदाने सांगितल्याप्रमाणे मी दोन्ही हात पुढे धरून, रिकामे आहेत हे दाखवत, हळूच जातो.